मामाची पदवी आणि सागरमाळ

मामाच्या पदवीला वाळवी लागली म्हणून मला कोल्हापूर बघायला मिळालं. भिंतीवरची चौकट खाली काढली तर आतल्या कागदाची चाळणी झालेली. फक्त वरचं 'शिवाजी विद्यापीठ' शाबूत. मामा 75 च्या पुढचा, नोकरी संपूनही जमाना झाला, पण हट्ट एकच: "दुसरी प्रत आणायची. आणि पोस्टानं न्हाई, मी सोता जाणार."

मुळात बार्शीच्या माणसाची पदवी कोल्हापूरची कशी, असा प्रश्न आजच्या पोरांना पडतो. मामाची मुलगी त्याच बार्शीत शिकली, पण तिच्या पदवीवर सोलापूर विद्यापीठ. मामाला हायस्कूलात इंग्रजी शिकवणारे सर मात्र पुणे विद्यापीठाचे. 1949 पर्यंत आमच्या भागाचं विद्यापीठ मुंबई होतं. त्या वर्षी पुणे विद्यापीठ उभं राहिलं आणि बारा जिल्हे त्याच्याकडे गेले. मग 1962 मध्ये कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि रत्नागिरी यांच्यासाठी शिवाजी विद्यापीठ आलं. 2004 मध्ये सोलापूर वेगळं झालं. आम्ही जागचे हललो नाही, विद्यापीठच सरकत सरकत आमच्याजवळ आलं.

एसटीनं पंढरपूर, सांगोला, मिरज करत आम्ही निघालो. मामाचं मन सगळं 1972 मध्ये. तेव्हा तो पदवीदानाला 'बार्शी लाईट'नं, म्हणजे आमच्या त्या छोट्या रुळांच्या गाडीनं कुर्डुवाडीवरून मिरजेपर्यंत गेला होता आणि तिथून गाडी बदलून कोल्हापूर. "चढावर उतरून लघवी करून परत डब्यात चढायचो," असं तो सांगतो. बार्शीत हे प्रत्येक म्हातारा सांगतो, त्यामुळे मी किती खरं मानायचं ते माझं मी ठरवलंय.

कोल्हापूरच्या स्टँडवर उतरून मिसळ खाल्ली (तिखट होती, मामानं दोनदा कट मागितला) आणि रिक्षानं राजारामपुरीवरून विद्यापीठात. मुख्य दारातून आत आलो आणि मामा थबकला. समोर अश्वारूढ शिवाजी महाराज, पाठीमागे मुख्य इमारत.

"हे नव्हतं."

"काय नव्हतं?"

"महाराज नव्हते इथं. मी आलतो तवा."

त्याचं बरोबर होतं. शिल्पकार बी. आर. खेडकरांनी घडवलेल्या या पुतळ्याचं अनावरण यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झालं ते 1974 मध्ये. ज्या पुतळ्याशिवाय आज या विद्यापीठाचा एकही फोटो निघत नाही, तो मामाच्या आठवणीत नाहीच. त्याच्या आठवणीत आहे तो सागरमाळ: उघडाबोडका माळ, वारा, आणि भाड्याच्या गाऊनचा उडणारा घोळ.

या माळावरची 853 एकर जागा विद्यापीठाला मिळाली. उद्घाटन झालं 18 नोव्हेंबर 1962 रोजी, राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते. तारीख जरा नीट बघा. चीनचं युद्ध पेटलेलं होतं, त्याच दिवशी लडाखमध्ये रेझांग ला इथे आपले जवान लढत होते, आणि तीनच दिवसांनी यशवंतरावांनी दिल्लीत संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. अशा आठवड्यात कुणी विद्यापीठ सुरू करतं, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

सुरुवातीला 34 महाविद्यालयं, चौदा हजारांच्या आसपास विद्यार्थी आणि आवारात पाच पदव्युत्तर विभाग. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार, मूळचे इतिहासाचे माणूस. सोलापूर आणि रत्नागिरी गेल्यावर आज जिल्हे तीनच उरलेत, पण महाविद्यालयं अडीचशेच्या वर. नकाशावर आक्रसत गेलेलं विद्यापीठ माणसांनी मात्र फुगत गेलं. गावोगावी कॉलेजं निघाली आणि ज्यांच्या घरात कुणी मॅट्रिकही नव्हतं अशी पोरं-पोरी तिथे आली. 'कमवा आणि शिका' ही इथे नुसती भिंतीवरची घोषणा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुलखात ती रोजची गोष्ट आहे. ग्रंथालयाकडे जाताना एक मुलगा झाडांना आळी करत होता. मामानं त्याला गाव विचारलं, विषय विचारला, आणि "खुरपं असं धर" म्हणून शिकवायलाही लागला.

अर्ज भरून झाला, पावती मिळाली. रांगेत नावाचा विषय निघाला. 'छत्रपती' आणि 'महाराज' नावात असावं, अशी मागणी अधूनमधून होते. मामा म्हणाला, "लांब नाव ठिवलं की लोक आद्याक्षरं करत्यात. औरंगाबादच्या बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं बामू झालंच की. इथं निदान शिवाजी तोंडात येतं." रांगेतल्या एकाला ते पटलं नाही. वाद मिसळीइतकाच झणझणीत झाला, पण आमचा नंबर आला.

वि. स. खांडेकरांचं स्मृतिसंग्रहालय आवारातच आहे. मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून देणारा हा लेखक कोल्हापूरचाच होऊन गेला. तिथे मी रेंगाळले, मामा कंटाळला. त्याला हवं होतं ते पुढे सापडलं: तळं. माळावर पडणारं पावसाचं पाणी विद्यापीठानं तळ्यांत आणि शेततळ्यांत अडवलंय, आणि आता तिथे मोरही आहेत. आम्हाला मोराचा नुसता आवाज ऐकू आला.

मामा बांधावर बराच वेळ उभा होता. 72 च्या दुष्काळात त्यानं ही नवी कोरी पदवी पेटीत ठेवून रोजगार हमीवर खडी फोडली होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मग त्यानं एक खडा उचलून पाण्यात टाकला, कान देऊन ऐकलं आणि शेजारून जाणाऱ्या माळ्याला विचारलं, "ओ पाव्हणं, मे महिन्यात किती ऱ्हातं हितं?"