तुम्ही विचारलंत म्हणून: व्यसनमुक्तीचा समुपदेशक व्हायला कुठला कोर्स करू?

महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न येतो. कधी समाजकार्याच्या पदव्युत्तर कोर्सच्या (एमएसडब्ल्यू) शेवटच्या वर्षाची मुलगी विचारते. कधी स्वतःची दारू सुटून दोन-चार वर्षं झालेला माणूस विचारतो, ‘मी बाहेर पडलो, आता दुसऱ्यालाही हात द्यावा’ असं त्याला मनापासून वाटत असतं. फोनवर मी दोन-तीन संस्थांची नावं सांगते आणि फोन ठेवल्यावर रुखरुख लागते, कारण ते उत्तर अर्धंच असतं. म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी कोर्सचं सांगून टाकते. वकिलाला सनद लागते, नर्सला कौन्सिलची नोंदणी लागते. व्यसनमुक्तीच्या समुपदेशकाला आपल्या देशात अशी वेगळी सनद नाही. बहुतेक जण समाजकार्य किंवा मानसशास्त्र शिकून येतात आणि खरं शिक्षण कामाला लागल्यावर सुरू होतं. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतंय, शिवाय केंद्र सरकारने त्याला प्रादेशिक प्रशिक्षण केंद्र म्हणून मान्यता दिली होती. बंगळुरूला निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत आणि चेन्नईला टी. टी. रंगनाथन फाउंडेशनमध्येही प्रशिक्षणं होतात. कोलंबो प्लॅन या आशिया-पॅसिफिक देशांच्या संघटनेचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम आहे. त्याच्या पायाभूत पातळीत आठ भाग आहेत, पहिला नशेचा शरीरावर आणि मेंदूवर काय परिणाम होतो याचा आणि शेवटचा नीतिमत्तेचा. यातलं जे जमेल ते जरूर करा.

पहिल्या भागाला मात्र कमी लेखू नका. मी लेखलं होतं. ‘औषधांचं डॉक्टर बघतील, आपलं काम मनाचं’ असं मला वाटायचं. माझ्या पहिल्याच वर्षातली गोष्ट. समोर पन्नाशीचे एक ट्रक ड्रायव्हर बसले होते, दारू बंद होऊन तिसरा दिवस. मी घरच्यांबद्दल विचारत होते आणि ते मधूनमधून पँटवरून काहीतरी झटकत होते. म्हणाले, “मॅडम, मुंग्या किती झाल्यात हो इथं.” मी खाली वाकून बघितलं. मुंग्या नव्हत्या. मी वहीत लिहिलं: ‘लक्ष नाही, विषय टाळतात.’

रात्री ते कुणाला आवरेनात. गाडी घाटात उभी आहे, हेडलाइट चालूच राहिल्यात, म्हणून दरवाजा शोधत फिरत होते. अंगात ताप, घामाने शर्ट भिजलेला. मोठ्या दवाखान्यात हलवले आणि वाचले. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम थांबली की काहींना साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत असं होतं. हात थरथरतात, नसलेलं दिसतं, दिवस-वार कळत नाही, काहींना त्याआधी फिटही येते. त्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर माणूस जातो. मला हे नाव माहीत होतं, परीक्षेत त्यावर टीप लिहिली होती. समोर माणूस मुंग्या झटकत होता तेव्हा आठवलं नाही.

हिशेबही शिकावा लागतो. “किती घेता?” विचारलं की उत्तर येतं, “जास्त नाही, एक क्वार्टर.” जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आम्ही वापरतो. नवा समुपदेशक तिथे ‘किती ड्रिंक’ यापुढे बिनदिक्कत ‘१’ लिहितो. क्वार्टर म्हणजे १८० मिली. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे वजनाने साधारण ६० ग्रॅम. त्या चाचणीत एक ड्रिंक १० ग्रॅमचं धरलेलं आहे. ‘एक क्वार्टर’ म्हणजे सहा ड्रिंक झाले.

हे सगळं वर्गात शिकता येतं. मला जे सांगायचंय ते वर्गात येत नाही.

आमच्या केंद्रात एक सीनियर होत्या, त्यांना सगळे बाई म्हणायचे. सत्र संपलं की त्याच दिवशी आठवेल तसं, शब्दाला शब्द लिहून काढायचं, असा त्यांचा नियम. तो म्हणाला, मी म्हणाले, तो गप्प बसला, सगळं. माझं पहिलं लिखाण सहा पानं झालं आणि मला ते बरंच चांगलं वाटत होतं. बाईंनी लाल पेन घेतलं आणि फक्त एका शब्दाभोवती गोल करत गेल्या. ‘पण’. ‘तुमचा कामात हात चांगला आहे, पण…’ ‘मुलांवर तुमचा जीव आहे, पण…’ सहा पानांत अकरा गोल. मग म्हणाल्या, “आता प्रत्येक ‘पण’नंतर ते काय म्हणाले ते मोठ्याने वाच.” मी वाचलं. हो मॅडम. हो मॅडम. बरोबर आहे मॅडम. हो मॅडम.

“हो मॅडम आलं की समजायचं, माणूस खोलीतून उठून गेलाय,” बाई म्हणाल्या. “चांगलं बोललीस ते त्यांच्या हातात दिलंस आणि लगेच काढून घेतलंस.”

पुढचे कित्येक महिने दर बुधवारी दुपारी मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसायचे. ‘पण’ गेल्यावर ‘का’ची पाळी आली. “का प्यायलात?” या प्रश्नात आपल्याला काही वावगं वाटत नाही. मराठी कानाला मात्र त्यात मास्तर ऐकू येतात, बाप ऐकू येतो. उत्तर म्हणून सबब मिळते, कारण ‘का’ सबबच मागतो. त्याऐवजी बाईंनी सवय लावली ती अशी: “त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं, सांगा.” पाच महिने व्यवस्थित असलेले एक शेतकरी स्लिप होऊन, म्हणजे पुन्हा पिऊन, आले होते. आधी नुसतंच “चूक झाली मॅडम” चाललेलं. सकाळपासूनचं विचारलं तेव्हा हळूहळू आलं. उसाचं बिल जमा झालं होतं, बँकेत रांगेत उभे होते, मागे उभ्या असलेल्या भावकीतल्या एकाने सगळ्यांदेखत म्हटलं, “याच्या हातात पैसे देऊ नका रे, बायकोला बोलवा.” पाच महिन्यांत त्यांना कुणी एकदाही ‘जमलं हं तुला’ म्हटलं नव्हतं. पुढच्या महिन्याचं सगळं काम त्या रांगेवर झालं, बायकोला आणि भावाला सोबत बसवून.

आणि सुराचं. पुस्तकात सांगतात, समोरच्याचं बोलणं त्यालाच परत ऐकवा. इंग्रजी मॉड्यूलमधून हे शिकलेली मुलं मराठीत येतात तेव्हा प्रत्येक वाक्याच्या शेवटी सूर वर जातो. “घरच्यांचा विश्वास राहिला नाही?” ही उलटतपासणी झाली. तेच वाक्य सूर खाली आणून, थांबून म्हटलं, “घरच्यांचा विश्वास राहिला नाही…”, की माणूस पुढे बोलतो. बाई रिकाम्या खुर्चीकडे बघून हे आमच्याकडून घोकून घ्यायच्या. दुसऱ्याचा कान जवळ असल्याशिवाय आपला सूर आपल्याला कळत नाही.

मी आज ज्या पद्धतीने काम करते तिचा उगमही अशाच एका खोलीतला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर १९८२ साली नॉर्वेत, बर्गेनजवळच्या एका व्यसनोपचार केंद्रात होते. तिथली तरुण मंडळी त्यांच्यासमोर पेशंट बनून बसायची आणि मध्येच थांबवून विचारायची, ‘हेच का म्हणालात? इथे गप्प का राहिलात?’ उत्तरं देता देता आपण नेमकं काय करतो ते मिलरना स्वतःलाच उमगलं आणि १९८३ साली त्यांनी ते लिहून काढलं. उपदेश न करता माणसाच्या तोंडूनच बदलाची भाषा यावी, ही ती पद्धत.

पुढे त्यांनीच तपासलं की ही पद्धत शिकवून किती येते. २००१ सालच्या त्यांच्या एका छोट्या अभ्यासात दिसलं की एक कार्यशाळा केल्यावर समुपदेशकांना वाटत होतं आपण खूप बदललो, आणि टेपवरच्या सत्रांत फरक थोडाच होता. समोरच्या पेशंटच्या बोलण्यात तर नाहीच. २००४ साली १४० व्यावसायिकांना वेगवेगळ्या गटांत घालून पुन्हा बघितलं. नुसत्या कार्यशाळेने आलेलं काही महिन्यांत ओसरत गेलं. ज्यांच्या सत्रांवर कुणीतरी अभिप्राय देत होतं किंवा मागून मार्गदर्शन करत होतं त्यांचं टिकलं, आणि या दोन्ही गोष्टी मिळाल्या त्याच गटात पेशंटच्या बोलण्यातही फरक दिसला. मी हे वाचलं तेव्हा मला बुधवारची दुपार आठवली.

म्हणून सर्टिफिकेटांची फाइल घेऊन येणाऱ्या मुलामुलींना मी विचारते, तुमचं सत्र कधी कुणी ऐकलंय का? बहुतेकांचं उत्तर ‘नाही’ असतं. त्यात त्यांचा दोष नाही. केंद्रात एक समुपदेशक, तीस पेशंट, नोंदी, घरभेटी, नातेवाइकांचे फोन. कुणी कुणाचं ऐकायचं?

स्वतः यातून गेलेल्यांनी विचारलंय, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. तुमच्यापाशी जे आहे ते मला कधीच मिळणार नाही. मी अर्धा तास धडपडते तिथे तुम्ही “मीही बायकोचं डोरलं विकलंय” म्हणता आणि दार उघडतं. धोकाही तिथेच असतो. ‘मी असं केलं, तूही तसंच कर’ हे फार लवकर तोंडात येतं, आणि समोरच्याच्या गोष्टीत आपली तलफ जागी होते. माझा एक सहकारी सहा वर्षं सोबर आहे. अजूनही एखाद्या दिवशी तो खोलीतून बाहेर येऊन सांगतो, “ताई, ही केस आज तुम्ही घ्या.” मी काही विचारत नाही. त्या एका वाक्यासाठी मला त्याचा फार आदर वाटतो. काही केंद्रांत डिस्चार्ज होऊन तीन महिने झालेल्या मुलाला खाण्या-राहण्यावर ठेवून घेतात आणि समुपदेशक म्हणून बसवतात. याची मला चीड येते. पेशंटवर तर तो अन्याय आहेच, त्या मुलाला त्यात परत ढकललं जातं. किमान दोन वर्षं तरी स्वतःची सोबरायटी सांभाळा, मग शिका.

बाई आता नाहीत. दर बुधवारी तीन वाजता माझ्या टेबलाभोवती चार जणी आणि तो सहकारी वह्या घेऊन बसतात, महिन्यातून एकदा मीही माझी वही त्यांच्यापुढे ठेवते. गेल्या खेपेला सगळ्यात नवीन मुलीने माझ्या पानावर दोन गोल केले. एक ‘पण’ होता. दुसऱ्या ठिकाणी मी माणसाचं वाक्य अर्ध्यात तोडलं होतं, तो वडिलांच्या तेराव्याबद्दल बोलायला लागला होता तेव्हा. पुढच्या भेटीत मी तिथूनच सुरुवात केली.

तर मुलाखतीला जाल तेव्हा पगाराचं बोलणं होईलच. तो फारसा नसतो, तेही आधीच सांगून ठेवते. त्याच्याआधी एक विचारा: माझी सत्रं कोण ऐकणार आणि आठवड्यातल्या कुठल्या दिवशी? वार आणि वेळ सांगितली तर तिथे रुजू व्हा. नुसतं ‘ते बघू’ म्हणाले तर दुसरीकडे अर्ज करा.