तुम्ही विचारलंत म्हणून: मंदीत नोकरी मिळाली कशी?

"मॅडम, त्या मंदीत तुम्हाला नोकरी मिळाली कशी?" हा प्रश्न मला वर्षातून दहा-पंधरा वेळा तरी येतो. विचारणारी बहुतेक डिप्लोमा झालेली मुलं असतात. दोन-तीन वर्षं ट्रेनी म्हणून किंवा कंत्राटावर काढलेली, आणि आता 'ब्रेक' देऊन कामावरून थांबवल्यामुळे घरी बसलेली. कधी चाळिशी ओलांडलेली माणसंही विचारतात, पण ती आधी पाच मिनिटं पाऊसपाण्याचं बोलतात आणि प्रश्नाला येईपर्यंत त्यांचा आवाज खाली जातो. मी हे जास्त करून त्यांच्यासाठी लिहिते आहे.

साल २०१९, वाहन उद्योगातल्या मंदीचं. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत मी ११ वर्षं क्वालिटीला होते. आदल्या सप्टेंबरात आयएल अँड एफएस या बड्या वित्तसंस्थेचे कर्जाचे हप्ते थकले आणि बिगर-बँक वित्तसंस्थांनी कर्ज देताना हात आखडता घेतला. ट्रक आणि दुचाक्या मोठ्या प्रमाणात याच संस्थांच्या कर्जावर विकल्या जातात. त्याआधी जुलै २०१८ मध्ये ट्रकवर लादता येणारं वजन सरकारने वाढवून दिलं होतं, म्हणजे तेवढाच माल न्यायला कमी ट्रक पुरू लागले. शिवाय १ एप्रिल २०२० पासून फक्त बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमात बसणाऱ्या गाड्याच विकता येणार होत्या, त्यामुळे गिऱ्हाईक 'थांबू, बघू' म्हणत होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये देशातली प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांहून जास्त घसरली. आमच्या पट्ट्यात 'ब्लॉक क्लोजर', म्हणजे काही दिवस कारखानाच बंद ठेवणं, हा शब्द घराघरात पोचला. आधी तिसरी पाळी बंद झाली, मग शनिवार गेला, मग कंत्राटी मुलं गेली, आणि मग आमची पाळी आली.

मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "राजीनामा लिहून द्या, म्हणजे पुढे कुठे अडचण येणार नाही." मी दिला. आज कुणी विचारलं तर मी सांगते, त्या टेबलावर सही करू नका. कागद घरी आणा, एक रात्र जाऊ द्या, आणि सुटण्याची तारीख, अनुभवाचा दाखला, नोटीसचा पगार, ग्रॅच्युइटी हे सगळं मेलवर लिहून मागा. ग्रॅच्युइटीचा हिशेब मला येत नव्हता, तो मी नंतर शिकले. तेव्हाच्या नियमाने शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. माझे २४,००० आणि ११ वर्षं, म्हणजे १,५२,३०८ रुपये. कायद्याने हे ३० दिवसांत द्यायचे असतात, मला चार महिने आणि सहा मेल लागले. पीएफला मात्र हात लावला नाही. काढून टाका म्हणणारे पुष्कळ होते, पण घराचा हप्ता जड जात असतानाही मी तो शेवटचा डबा म्हणून बंदच ठेवला.

खरी चूक यापुढची. नवरा सोडून कुणालाही मी सांगितलं नाही. आईला नाही, भावाला नाही, सोसायटीत तर नाहीच. मुलगी आठवीत होती, तिला 'सध्या सुट्टी टाकली आहे' म्हणाले. रोज रात्री सगळे झोपले की नोकरीच्या साइटवर अर्ज टाकायचे. दीड महिन्यात १४० अर्ज टाकले, फोन तीन आले, त्यातले दोन विमा विकण्याच्या कामाचे होते. लपवण्यात किती शक्ती जाते हे लपवत असताना कळत नाही. दिवसभर फोन वाजला की पोटात गोळा यायचा, कारण फोनवरच्या माणसाला काय माहीत आहे आणि काय नाही हे आधी आठवावं लागायचं.

ही गाठ सुटली ती एका अगदी साध्या फोनमुळे. आमच्या जुन्या कंपनीत कॅलिब्रेशन लॅबचा एक मुलगा यायचा, मायक्रोमीटर, व्हर्निअर, गेज तपासायला. त्याला माझा एक दाखला हवा होता. तो म्हणाला, "मॅडम, कंपनीत दिसला नाहीत?" काय झालं कोण जाणे, मी खरं सांगून टाकलं. त्याला ना आश्चर्य वाटलं ना वाईट. तो म्हणाला, "भोसरी एमआयडीसीत 'जे' ब्लॉकला एक शेठ आहेत, त्यांचा माल परत येतोय. त्यांना कुणीतरी पाहिजे. जाहिरात नाही द्यायचे ते. तुम्ही जाऊन या."

इथे थांबून एक सांगते, कारण माझं सगळं म्हणणं यातच आहे. तेजीत कंपनी माणूस घेते ते काम वाढलं म्हणून. तेव्हा जाहिराती निघतात, कॅम्पसला जातात, रेफरलचे पैसे देतात. मंदीत मालक माणूस घेतो ते काहीतरी अडलं म्हणून: रिजेक्शन येतंय, ऑडिट तोंडावर आहे, पेमेंट अडकलंय, जुना फिटर गावी निघून गेलाय. या जागांची जाहिरात निघत नाही. मालकाला स्वतःलाच ती जागा आहे हे पुरतं माहीत नसतं, त्याला फक्त डोकेदुखी माहीत असते. म्हणून 'जागा कुठे आहे' असं विचारत फिरलात तर सगळे 'नाही' म्हणतील आणि खरंच सांगत असतील. 'कुणाचं काय अडलंय' हे विचारा. आणि ते विचारायचं त्या माणसांना, जी रोज दहा गाळ्यांत जातात: कॅलिब्रेशनवाला, इन्सर्ट म्हणजे मशीनची कापणारी पाती विकणारा, प्लेटिंगचा माल नेणारा टेम्पोवाला. कुणाकडे रात्रपाळी चालू आहे, कुणाकडे आठवडाभर मशीन झाकून आहे, हे त्यांना नेमकं माहीत असतं. पण त्यांना तुम्ही रिकामे आहात हे कळल्याशिवाय ते तुम्हाला काही सांगणार नाहीत.

मी गेले. दोन गाळे एकत्र केलेले, पाच सीएनसी म्हणजे संगणकावर चालणारी मशीनं, अठरा माणसं. दारातच कूलंटचा तो आंबूस वास. शेठनी माझा बायोडेटा घेतला, न वाचताच टेबलावर ठेवला आणि त्यावर एक बुश ठेवला. बुश म्हणजे नळीसारखा पोकळ भाग. हा पातळ भिंतीचा, आतलं भोक २५ मिलीमीटर, मापात सूट प्लस २१ मायक्रॉन, मायनस शून्य. म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. म्हणाले, "आमचा बोअर गेज ओके दाखवतो. गिऱ्हाइकाचा गो गेज आत जात नाही. तीन लॉट परत आलेत. बघा."

बोअर गेज म्हणजे भोकाचा व्यास मोजणारं काट्याचं उपकरण. गो गेज म्हणजे चालणाऱ्या सगळ्यात लहान मापाची गोल दांडी, ती आत गेली तरच माल पास. मी बोअर गेज नेमक्या मापाच्या रिंगवर शून्य केला आणि लावला. तोंडाशी, मध्ये, खाली, चारही बाजूंनी. कुठेही लावा, काटा प्लस आठ-नऊ मायक्रॉनवरच. माप बरोबर होतं. मग गिऱ्हाइकाचा गो गेज घातला, तर तोंडाशीच अडकला. सगळे बघत होते. ऑपरेटर मुलगा वैतागून म्हणाला, "ताई, त्यांचा गेजच चुकीचा आहे." मी बुश उजेडात धरून बाहेरून फिरवला. तीन जागी चकाच्या जॉच्या, म्हणजे मशीनमध्ये भाग धरणाऱ्या पकडीच्या दातांच्या, पुसट खुणा होत्या. मग गो गेजला निळा रंग लावून हलकेच टेकवला आणि काढला. भोकाच्या काठावर तीन निळे ठिपके उठले, बरोबर जॉच्या खुणांच्या मधोमध.

कारण असं की पातळ बुश तीन जॉच्या चकात जास्त आवळला की तो तीन ठिकाणी आत दबतो. त्या अवस्थेत भोक गोल कापलं जातं. चक सोडला की दबलेली जागा बाहेर येते आणि भोक तीन कोपऱ्यांचं होतं. दोन टोकांनी मोजणाऱ्या गेजला हे दिसत नाही, कारण एका बाजूला जेवढं बाहेर गेलं तेवढंच समोरच्या बाजूला आत आलेलं असतं. गो गेज मात्र गोल असतो, त्याला ते लगेच कळतं. चकाचं प्रेशर १८ किलोवर होतं. ते १० वर आणलं, मऊ जॉ बुशच्या बाहेरच्या मापाला बोअर करून घेतले, म्हणजे पकड तीन ठिकाणी न बसता सगळीकडून बसली. संध्याकाळी साडेसातला पाच बुश काढले. पाचांतही गेज आपल्या वजनाने आत उतरला.

अकरा वर्षांत मी हे दोनदा पाहिलं होतं. माझ्या बायोडेटात मात्र त्याचा एक शब्द नव्हता. तिथे लिहिलं होतं, 'गुणवत्ता विभागाची जबाबदारी समर्थपणे सांभाळली'. १४० जणांना मी हे वाक्य पाठवलं होतं.

शेठनी पगार सांगितला तो जुन्या पगारापेक्षा जवळजवळ तिसरा हिस्सा कमी. मी हो म्हटलं, पण तीन गोष्टी आधी ठरवून. पहिली, गाळ्यात बायकांसाठी टॉयलेट नव्हतं, ते महिन्यात व्हायला हवं. दुसरी, पीएफ माझ्या जुन्याच खात्यात, पहिल्या महिन्यापासून. तिसरी, सहा महिन्यांनी पगाराचं बोलायचं, आणि ते आज कागदावर. कमी पगाराला घाबरू नका असं मी म्हणणार नाही. घाबरण्यासारखंच असतं ते, त्यात घराचा हप्ता १८,४०० असताना तर नक्कीच. पण कमी पगार घ्यायचाच असेल तर बदल्यात काय मिळतंय हे नीट बघून घ्या. मोठ्या कंपनीत मी फक्त मापं बघत होते. इथे कोटेशन काढायला शिकले, गिऱ्हाइकाच्या ऑडिटला एकटी सामोरी गेले, कच्च्या मालाचा भाव आणि स्क्रॅपचा भाव शिकले. पाच महिन्यांत लॉकडाऊन आलं, काही महिने अर्ध्या पगारावर निघाले, आणि सहा महिन्यांनी बोलायचा तो कागद दीड वर्षाने उघडला. शेठनी तो स्वतःहून काढला, हे सांगायलाच हवं. जुन्या पगाराला परत यायला २०२२ उजाडलं. पुढच्या वर्षी निर्यातीचं काम करणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीची प्रमुख म्हणून गेले. तिथल्या मुलाखतीत त्यांनी जास्त करून त्या गाळ्यातल्या कामाबद्दलच विचारलं.

हे सगळ्यांना लागू पडेल असं नाही. माझा नवरा तेव्हा कामावर होता, आमच्या घरात एक पगार चालू होता. ज्यांच्याकडे तोही नाही त्यांनी मिळेल ते काम आधी धरावं, त्यात काहीही कमीपणा नाही. आमच्याबरोबर गेलेला एक उत्तम टूलमेकर दोन वर्षं टेम्पो चालवत होता, आणि त्या टेम्पोतूनच त्याला पुन्हा टूलरूम सापडली.

मागच्या आठवड्यात जुन्या सहकाऱ्याच्या मुलाचा फोन आला. ट्रेनिंग संपलं, कंपनीने पुढे घेतलं नाही. "मावशी, बायोडेटा पाठवू का?" म्हणाला. मी म्हटलं, नको. आधी सांग, कोणत्या मशीनवर होतास? कोणता पार्ट काढायचास? त्यात काय बिघडायचं, आणि बिघडलं की तू काय करायचास? थोडा वेळ तो गप्प राहिला. मग बोलायला लागला: टॅपिंगला, म्हणजे भोकात आटे पाडताना, टॅप तुटायचे, मग ड्रिलचं माप कसं बदललं, मशीन लावून देणारा सेटर नसताना त्याने एकट्याने कशी पाळी काढली. वीस मिनिटं बोलत होता. मी म्हटलं, हे सगळं मराठीत, जसंच्या तसं लिहून काढ आणि मला पाठव. रात्री साडेअकराला त्याने वहीच्या पानांचे फोटो पाठवले. दोन्ही बाजूंनी भरलेली चार पानं होती, आणि शेवटच्या पानावर तुटलेल्या टॅपचं पेन्सिलने काढलेलं चित्र.