आमरसाची पिशवी

लेकाला ब्लड कॅन्सर, त्यातला एएलएल नावाचा प्रकार, निघाला तेव्हा आधी महिनाभर ताप येतोय जातोय, पायावर निळे डाग, आणि आम्ही आपले व्हायरल समजून क्रोसिन देत बसलो. मग सांगलीहून थेट परळ, टाटा.

पैशाचं लोक विचारतात म्हणून सांगते, महात्मा फुले योजनेतून केमोचा बराच खर्च निघाला, पण राहणं, टॅक्सी, ह्यांची बिनपगारी रजा हे कुठल्या योजनेत बसतं? शेवटी ह्यांनी गावच्या ग्रुपवर मेसेज टाकला, टाकायच्या आधी तासभर नुसता फोन हातात धरून बसले होते, कारण आमच्या घरात आजवर कुणी हात पसरलेला नाही. गणपती मंडळाने डीजे रद्द करून वर्गणी पाठवली. काही जवळच्यांनी मात्र नुसते हात जोडलेले इमोजी, असो.

पण खरं सांगू, पैशापेक्षा जास्त पळापळ प्लेटलेट्सची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींची, केमोने त्या खाली येतात. त्या जेमतेम 5 दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत, म्हणून डोनर सारखा लागतो. देणाऱ्याचा प्लेटलेट्स काढायच्या मशीनवर तास-दीड तास जातो, बाकी काही नाही. ती पिवळसर पिशवी स्टँडला लागली की आमचं कार्टं म्हणतं, "आई, आमरस आला!"

अजून दीडेक वर्ष गोळ्या आहेत. मुंबईत असाल तर जवळच्या ब्लड बँकेत नाव तेवढं नोंदवून ठेवा, आमच्यासाठीच असं नाही, त्या वॉर्डात कुणालातरी लागतंच.