आमची वाटचाल: थेंब पसरला, इलेक्ट्रोड सुटले

पीईटी या प्लास्टिकच्या फिल्मवर चांदीची किंवा कार्बनची शाई छापून इलेक्ट्रोड, म्हणजे वीज वाहणाऱ्या पट्ट्या, बनतात. ती शाई नीट धरावी म्हणून छपाईआधी फिल्मला अतिनील प्रकाश द्यायचा, एवढंच आमचं काम. पहिली काही वर्षं सरळ गेली, त्यांचं काय सांगायचं!

मग एका स्पर्धकाने पाण्याच्या थेंबाचा फोटो दाखवून आमची ऑर्डर पळवली. थेंब पार सपाट, म्हणजे त्याची कड फिल्मशी करते तो संपर्क कोन २० अंशांच्या आत. कोन जितका कमी तितकी शाई चांगली धरेल, असा समज. कोऱ्या पीईटीवर तो ७०-८० असतो. आम्हीही हट्टाला पेटलो आणि २ मिनिटांचं एक्स्पोजर १० वर नेलं. कोन सुरेख आला. ब्लेडने चौकटी पाडून टेप ओढली, शाई जागची हलली नाही. पण रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवलेले इलेक्ट्रोड सकाळी सालपटासारखे सुटले होते. अख्खी बॅच परत आली. कारखान्याला कुलूप लागायचंच बाकी होतं.

तेव्हा आर्द्रतेचे सेन्सर बनवणाऱ्या आमच्या एका जुन्या ग्राहक बाईंनी एवढंच विचारलं, "धुऊन मोजलंत का?" नव्हतं मोजलं. प्रकाश जास्त झाला की पॉलिमरच्या साखळ्या तुटतात आणि ते बारीक तुकडे वरच बसून राहतात. शाई फिल्मला न चिकटता त्या भुशाला चिकटते, आणि भुसा पाण्यात विरघळतो. आता प्रत्येक लॉटमधला एक तुकडा डिस्टिल्ड वॉटरने धुऊन, वाळवून कोन पुन्हा मोजतो. तो बराच वर चढला तर वेळ कमी करतो. त्या बाईंचा माल आजही रांगेत पहिला लागतो.

नव्यांनी लॅम्प घेताना ट्यूबचं क्वार्ट्झ, म्हणजे तिचं काचेसारखं आवरण, कोणतं ते विचारावं. १८५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाने हवेतल्या ऑक्सिजनचा ओझोन होतो, २५४ ने तो फुटून अणुरूप ऑक्सिजन सुटतो. खरं काम त्याचं. 'ओझोनमुक्त' ट्यूब १८५ अडवते, मग तासभर ठेवूनही कोन फारसा हलत नाही. अशाच ट्यूब कोणी स्वस्तात खपवल्या, ते जाणकारांना ठाऊक आहे.

ट्यूबला उघडं बोट लावू नये. लागलंच तर थंड झाल्यावर आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसावं. लॅम्प ५ मिनिटं तापू द्यावा. फिल्म सपाट ताणावी, कारण वळलेली कड लॅम्पच्या जवळ जाऊन जास्त भाजते. ट्रे उघडण्याआधी एक्झॉस्ट चालू ठेवून ओझोन जाऊ द्यावा. आणि छपाई त्याच दिवशी उरकावी. पडून राहिलेल्या फिल्मचा कोन हळूहळू परत चढतो. सिलिकोन रबराचा तर काही तासांतच.