तुंगनाथची काळी माती

आमच्या परभणीकडे काळ्या मातीचं कुणाला अप्रूप नाही. त्यामुळे ऑक्टोबरात उत्तराखंडातल्या चोपत्याहून तुंगनाथच्या शिवमंदिराकडे चढताना आई मध्येच थांबली, तेव्हा मला वाटलं दम लागला. पण ती वाटेच्या कडेला वाकली होती. खेचरांच्या खुरांनी तिथला गवताचा थर उचकटून लोंबत होता. एक ढेकूळ उचलून तिनं दाबलं, हुंगलं.

"अगं, हे फुटतच नाही. नुसत्या मुळ्याच आहेत ह्यात."

मी मृदाशास्त्र शिकले, आईनं आयुष्यभर शेती केली. त्या एका ढेकळावर आम्ही अर्धा तास बोलत बसलो.

आमच्या रानाचा काळेपणा बराचसा चिकणमातीचा आहे. थोडासाच ह्यूमस, म्हणजे पुरता कुजलेला सेंद्रिय पदार्थ, तिच्या कणांना घट्ट चिकटून रंग देतो. माती परीक्षणाच्या अहवालात सेंद्रिय कर्ब मात्र अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतो. आई दर उन्हाळ्यात शेणखत टाकते आणि पुढच्या उन्हाळ्यात विचारते, "गेलं कुठं?" उष्णतेत जिवाणू ते खाऊन टाकतात, बराचसा कर्ब वायू होऊन हवेत जातो.

तुंगनाथला हेच काम थंडीमुळे रेंगाळतं. चोपता सुमारे २७०० मीटरवर, मंदिर ३६८० मीटरच्या आसपास. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. खाली खरसू ओक आणि बुरांशची झाडं, मग सिमरूची खुजी, वाकलेली झुडपं, आणि ३३०० मीटरच्या सुमारास झाडं संपून बुग्याल सुरू होतं. गवताळ कुरणाला गढवालात बुग्याल म्हणतात. हिवाळाभर त्यावर बर्फ असतो, वाढीला मोजके महिने मिळतात. तेवढ्यात गवत जे कमावतं, त्यातला मोठा वाटा जमिनीखाली मुळांत ठेवतं. ती मुळं मरतात, पण नीट कुजत नाहीत. वर्षामागून वर्षं त्यांचा थर साचत जातो. आईच्या हातात तेच होतं.

मग तिनं फार नेमका प्रश्न विचारला. "एवढं खत पडलंय, तर गवत वीतभरच का?"

कारण ते खत कुलूपबंद आहे. नत्र न कुजलेल्या पदार्थात अडकून पडतं, झाडांना चिमूटभरच मिळतं. म्हणून इथल्या वनस्पती जपून जगतात. पानं वाळण्याआधी त्यांतलं नत्र मुळांत ओढून घेतात, मुळांशी बुरशीची सोबत ठेवतात, जमिनीलगत गुच्छ करून वाऱ्यापासून वाचतात. कुटकी, अतीस अशा औषधी वनस्पतींचा जीव तर जमिनीखालच्या भागातच असतो. लोक तोच खणून नेतात, मला याचं फार वाईट वाटतं.

जितकं उंच तितका कर्ब जास्त, असं मात्र नाही. मंदिराच्या वरच्या चंद्रशिळा शिखराकडे, चार हजार मीटरजवळ, माती पातळ होत जाते आणि दगड वर येतात. तिथे कुजणं मंद असलं तरी मुळात उगवतंच कमी, मग साचणार काय? भरलेलं कोठार आहे ते मधल्या पट्ट्यात, आणि माणसांची, खेचरांची वर्दळही तिथेच. गवताचा थर एकदा फाटला की पावसाळा खालची माती धुऊन नेतो. हवा तापली की कुजण्याचा वेगही वाढणार. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयानं बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम बंद केला, ते योग्यच झालं.

आईनं ढेकूळ गवताची बाजू वर करून जागेवर बसवलं.

यंदा तिनं पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, जाळली नाही. कुट्टी करून दोन एकरांत पसरली. मी सांगितलं, आपल्या उन्हात यातलं फारसं टिकणार नाही.

"मग पुढच्या वर्षी परत पसरू," ती म्हणाली, आणि कुट्टी मशीनवाल्याला फोन लावला.