ग्राव्हलीनची संध्याकाळ: शांतता ठिपक्यांत नसते

रंगांच्या बारीक ठिपक्यांनी चित्र उभं करणाऱ्या फ्रेंच चित्रकार झॉर्झ सराने १८९० च्या उन्हाळ्यात उत्तर फ्रान्समधल्या ग्राव्हलीन बंदराची चार चित्रं रंगवली. त्यांतल्या संध्याकाळच्या चित्रातली शांतता ठिपक्यांची, असं सर्रास म्हटलं जातं. मला ती आडव्या रेषांची वाटते: काठ, पाणी, क्षितिज, आणि त्यांना छेदणारा दिव्याचा खांब. त्याच ऑगस्टमधल्या एका पत्रात सराने सूत्रच मांडलंय. उजेड-अंधार समतोल, उष्ण-शीत रंग समतोल आणि रेषा आडवी, की चित्र शांत. गडद व थंड रंग वरचढ झाले आणि रेषा खाली झुकल्या, की उदास.

ठिपक्यांचं काम रंग उजळ ठेवण्याचं. पण निळ्या-पिवळ्या ठिपक्यांतून हिरवं पाणी मिळेल ही आशा सोडा. लांबून ते करडंच दिसतं. हिरवा हवा तर हिरवाच ठिपका द्या, शेजारी निळा.

असं समुद्रकिनाऱ्याचं चित्र स्वतः करायचं तर आधी वाळू, पाणी, आकाश सपाट रंगवून पूर्ण सुकू द्या. अ‍ॅक्रिलिकला अर्धा तास पुरतो, तैलरंगाला काही दिवस लागतात. घाई केलीत तर ठिपका खालचा रंग उचलतो आणि चिखल होतो. मग त्याच रंगाच्या फिकट-गडद छटा, त्यावर उन्हाचा नारिंगी, आणि सगळ्यात शेवटी पूरक, म्हणजे रंगचक्रात समोरासमोर येणारा रंग. वाळूत जांभळा दहात एखादाच. जास्त झाला की वाळू मळकी दिसते.

दोन मिलिमीटरचे ठिपके डोळ्यात पुरते मिसळायला साधारण सात मीटर अंतर लागतं. त्याच्या अलीकडे रंग थरथरतो, आणि खरी मजा तिथेच आहे. छोट्या, ३० × ४० सेंटिमीटरच्या कॅनव्हासला एक मिलिमीटर पुरे.

सगळीकडे सारखेच गोल ठिपके मारले की समुद्राचा वॉलपेपर होतो. १८८५ च्या 'बेक द्यु ऑक' या समुद्रकड्याच्या चित्रात सराने पाण्याला आडवे तुटक फटकारे दिलेत. गडद कड्याला लागून असलेलं आकाश किंचित उजळवा, कडा आपोआप पुढे येतो.

पिवळा मात्र जपून निवडा. सराने 'ग्रांद जात' या त्याच्या गाजलेल्या चित्रात वापरलेला झिंक पिवळा काही वर्षांतच तपकिरी पडला. कॅडमियम किंवा हान्सा पिवळा घ्या.