पिशवी काढली, अंडाशयं ठेवली, मग पाळी गेल्याचं कळणार कसं?

"अंडाशयं ठेवली आहेत, हार्मोन्सची काळजी नको." गर्भाशयाची पिशवी काढण्याच्या ऑपरेशननंतर हे वाक्य बहुतेक बायकांच्या कानावर पडतं. ते बरंचसं खरं आहे, पण अपुरं आहे.

इस्ट्रोजेन हे स्त्रीचं मुख्य हार्मोन बनतं अंडाशयात, पिशवीत नाही. त्यामुळे पिशवी गेल्यावरही महिन्याचं चक्र चालू राहतं. स्त्रीबीज सुटतं आणि पोटातच शोषलं जातं. रक्तस्राव होत नाही, पण छाती भरून येणं, पोट फुगणं, चिडचिड ठरावीक दिवसांनी जाणवू शकते. तसं जाणवत असेल तर अंडाशयं कामात आहेत.

अंडाशयाला रक्त दोन वाटांनी मिळतं: महाधमनीतून निघणाऱ्या स्वतःच्या धमनीतून आणि गर्भाशयाच्या धमनीच्या फांदीतून. पिशवी काढताना ही दुसरी वाट बांधावीच लागते. कुणाचं अंडाशय तिच्यावर किती अवलंबून, हे प्रत्येकीत वेगळं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ३० ते ४७ वयाच्या बायकांवर लक्ष ठेवलं होतं. पिशवी काढलेल्यांपैकी सुमारे १५ टक्के जणींची अंडाशयं त्या काळात थांबली, न काढलेल्यांत ८ टक्के. एक अंडाशयही काढलं असेल तर धोका आणखी वाढलेला दिसला. दोष फक्त रक्तपुरवठ्याचा, असं मात्र ठामपणे म्हणता येत नाही; ज्या आजारासाठी ऑपरेशन झालं त्याचाही वाटा असू शकतो.

ऑपरेशननंतर पहिल्या काही आठवड्यांत अंगातून वाफा आल्या म्हणून घाबरू नका. अंडाशयं तात्पुरती मंदावतात आणि अनेकदा सावरतात. वाफा, रात्रीचा घाम, झोपमोड, योनीचा कोरडेपणा महिनोन्‌महिने टिकला तर मात्र डॉक्टरांकडे जा.

वय ४५ च्या पुढे असेल तर लक्षणं पुरेशी असतात, रक्ततपासणीची सहसा गरज नसते. त्याआधी एफएसएच (अंडाशयाला चालना देणारं मेंदूतल्या ग्रंथीचं हार्मोन, अंडाशय थांबलं की ते वाढतं) चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासावं, सोबत इस्ट्राडिओल, म्हणजे इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार. एकाच रिपोर्टवर विसंबू नये, कारण बीज सुटतानाही एफएसएच वर जातं आणि पाळीच नसल्याने तपासणीचा दिवस मोजता येत नाही. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आकडे फसवे येतात. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर तेही सांगा. काही यंत्रांवर त्यामुळे एफएसएच खोटं कमी आणि इस्ट्राडिओल खोटं जास्त दिसतं, म्हणजे थांबलेलं अंडाशय रिपोर्टवर ठणठणीत!

४५ च्या आत अंडाशयं थांबली तर हाडं आणि हृदय दोन्हींसाठी उपचार महत्त्वाचे. स्तनाच्या कॅन्सरसारखी अडचण नसेल तर साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन्स देतात. पिशवी नसल्याने बहुधा नुसतं इस्ट्रोजेन चालतं. एंडोमेट्रिऑसिस (पिशवीच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढणं) असेल किंवा पिशवीचं तोंड ठेवलं असेल तर प्रोजेस्टेरॉनही लागू शकतं. म्हणून ऑपरेशनचे कागद जपून ठेवा. त्यात नेमकं काय काढलं आणि काय ठेवलं, हे नवीन डॉक्टरांना आधी दाखवा.